दिवाडीची गोल फेरी: निघायची वेळ तारखेनुसार का बदलते

गोव्यातल्या दिवाडी बेटावरची आमची पायी फेरी किती वाजता सुटते, असं विचारणारे फोन आम्हाला रोज येतात आणि आम्ही उलट तारीख विचारतो. काहींना ही टाळाटाळ वाटते. पण दिवाडी बेटावरची वाट घड्याळावर चालत नाही, मांडवी नदीच्या भरती-ओहोटीवर चालते. हे पत्रक मुख्यतः त्यासाठी आहे. बरोबर काय आणायचं ते शेवटी सांगितलंय, पण मधलं वाचून आलात तर चालताना जास्त मजा येईल.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली उतरलं की फेरीबोटीचा धक्का लागतो. तिथून पलीकडे पोचायला काही मिनिटं पुरतात. नेहमीच्या फेरीबोटीत पायी माणसाला तिकीट नाही. उतरल्यावर आपण खाजनाच्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या शेतजमिनीच्या, बांधाने मळारच्या दिशेला जातो, तिथून पिएदादची टेकडी चढतो आणि दुसऱ्या बाजूने, दोन्हीकडे शेतं असलेल्या सरळ रस्त्याने त्याच धक्क्यावर परत येतो. थांबत, बघत गेलं तर चार तास लागतात. बांधाला कुठे खांड (भगदाड) पडली असेल तर वाट बदलते, त्यामुळे जुन्या ग्राहकांनी आधीच्या फेरीचा नकाशा गृहीत धरू नये.

बोटीतून उतरल्यावर समोर जी सपाट हिरवी (किंवा डिसेंबरनंतर पिवळी) जमीन दिसते, तिला बहुतेक पाहुणे ‘कुरण’ म्हणतात. त्या मोसमात गुरं चरतात, म्हणून ते चूकही नाही. पण ही जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. माणसाने बांध घातला नसता तर इथे दिवसातून दोनदा खारं पाणी चढलं असतं. अशा जमिनीला गोव्यात खाजन म्हणतात. गोवाभर मिळून ती सुमारे १८,००० हेक्टर आहे. चिखल, पेंढा, बांबू आणि बाहेरच्या अंगाला जांभा दगड, एवढ्यावर हे बांध शतकानुशतकं उभे आहेत.

या सगळ्याची किल्ली म्हणजे मानस. बांधात ठेवलेलं हे लाकडी दार. मोटर नाही, चाक नाही. भरती आली की नदीचं पाणी बाहेरून फळ्यांवर दाब देतं आणि दार आपोआप घट्ट बसतं. ओहोटीला बाहेरची पातळी आतल्या पाण्याच्या खाली गेली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. हा क्षण बघण्यासारखा असतो. आधी फळीच्या कडेने पाण्याची एक बारीक रेघ सुटते, मग लाकूड किरकिरतं, फळी बोटभर हलते आणि एकदम गढूळ पाण्याचा लोंढा नदीत पडायला लागतो. दोन मिनिटांत बगळे येऊन रांगेत उभे राहतात. त्यांना आमच्यापेक्षा वेळ चांगली कळते.

आमची सगळी आखणी त्या दोन मिनिटांसाठी असते.

वेळ कशी काढतो

भरती रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते. कोकणात जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात: अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला बारा, थोडं मागेपुढे. आम्ही छापील कोष्टक बघतो, पण हा हिशोब सहसा फार चुकत नाही. भरती पूर्ण झाल्यावर मानशीचं दार उघडायला आणखी दोन-तीन तास जावे लागतात. म्हणून अष्टमीच्या आसपास आपण सकाळी सात वाजता निघतो आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारी, ऊन उतरायला लागल्यावर. उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत पाणी जास्त चढतं-उतरतं, त्यामुळे लोंढा जोरदार असतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत तो मवाळ असतो, पण सकाळच्या वेळेमुळे पक्षी जास्त दिसतात. दोन्हीपैकी एक निवडायचं झालं तर आम्ही उधाणाची दुपार सुचवू, अर्थात मार्च ते मे सोडून.

मानशीच्या तोंडाला जाळं लावलेलं दिसेल. पाण्याबरोबर येणारी कोळंबी आणि मासे त्यात अडकतात. हा हक्क लिलावाने दिला जातो, म्हणजे जाळं कुणाच्या तरी पैशाचं असतं. हात लावू नका, फळ्यांवर उभं राहून फोटो काढू नका. काही ठिकाणी लाकूड जुनं असतं आणि खाली प्रवाह ओढ घेणारा असतो.

शेतं आणि बांध

पावसाळ्याचं पहिलं पाणी मातीतलं मीठ धुऊन काढतं, ते मानशीतून बाहेर जातं आणि मग भात होतं. जुनी खाजनी जात म्हणजे कोरगुट. ती खारटपणा सोसते, पण उत्पन्न बेताचं देते, म्हणून आता सगळीकडे दिसत नाही. साधारण ऑक्टोबरात कापणी होते. त्याआधी आलात तर बांधावरून एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला, नदीपेक्षा खाली, पिकलेलं भात असं दृश्य दिसतं.

काही शेतं ओसाड का पडलीत, हे हमखास विचारलं जातं. पूर्वी बांधांची निगा गावकरी संस्था, म्हणजे पोर्तुगीज अमलात ज्यांना कोमुनिदाद म्हणू लागले त्या संस्था, बघत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. काही गावांत त्या चांगल्या चालतात, काही गावांत कागदावर. बांधात खेकडे बिळं करतात. बीळ वेळेवर बुजवलं नाही तर उधाणात तिथूनच खांड पडते. खारं पाणी एकदा आत शिरलं की एक-दोन मोसमांत खारफुटी उगवते. खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे ती काढून पुन्हा शेती करणं शेतकऱ्याला अवघड होऊन बसतं. आम्हाला खारफुटी आवडते, पण बांधाच्या आतली आणि बाहेरची खारफुटी एकाच मापाने मोजू नये, असं आमचं मत आहे.

बाहेरच्या अंगाला तिवराचं झाड दिसलं की थांबा. पानाची पाठ बोटाने पुसून जिभेला लावा. झाड नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं, कोरड्या दिवसांत ते डोळ्यांनाही दिसतं. खाली चिखलातून पेन्सिलीसारखी उभी असलेली टोकं म्हणजे त्याचीच श्वासमुळं. त्यांच्यावर पाय देऊ नका. शेजारी एक नांगी भली मोठी असलेले छोटे खेकडे असतात. सावली पडली की सगळे एका क्षणात बिळात जातात, म्हणून लहान मुलांना पुढे पळू न देता बसवून ठेवा.

पक्ष्यांमध्ये ब्राह्मणी घार, खंड्या, शेकाट्या, टिटव्या आणि तुतारीची कुळी हिवाळ्यात जवळजवळ हमखास दिसतात. त्याहून मोठ्या यादीचं आश्वासन आम्ही देत नाही. पक्षी हाच मुख्य हेतू असेल तर शेजारच्या चोडण बेटावर डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथे वेगळा दिवस काढा.

पाण्यात उतरायला मनाई आहे. जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. फोंड्याच्या दुर्भाट परिसरात पौष अमावास्येला मातीची मगर करून पुजतात. खाजनाचं रक्षण व्हावं ही त्यामागची भावना.

टेकडीवर

पिएदादच्या चर्चजवळ दफनभूमीतल्या लहान चॅपलच्या छताकडे मान वर करून बघा: तिथलं दगडी काम कदंब राजांच्या काळातल्या देवळाचं उरलेलं आहे. कदंबांचं दैवत सप्तकोटेश्वर मुळात याच बेटावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर शिवलिंग नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्वे गावी नेलं. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला. बेटाच्या उत्तर टोकावरून फेरीबोटीने तिकडे जाता येतं. आमच्या फेरीत ते येत नाही, पण महाराष्ट्रातून येणाऱ्या बऱ्याच जणांना ते जोडून घ्यायचं असतं. आधी सांगितलंत तर आम्ही तशी वेळ सोडतो. चर्चच्या आवारात प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबावं लागेल.

बरोबर काय आणायचं

मागून पट्टा असलेल्या चपला किंवा जुने बूट, कारण बांधावर पावसाळ्यानंतरही चिखल असतो. टोपी, प्रत्येकी एक लिटर पाणी. वाटेत सावली जवळजवळ नाही आणि बांधावर शौचालय नाही, धक्क्यावरच उरकून घ्या. गुडघे दुखणाऱ्यांना टेकडी टाळून खालच्या रस्त्याने येता येतं. त्यांच्यासोबत आमचा एक माणूस असतो. ड्रोन नको. शेतात काम करणाऱ्यांचा फोटो काढण्याआधी विचारा.

चहा आणि पातळ भाजी-पाव गावात मिळतो, त्याचे पैसे फेरीच्या शुल्कात धरलेले नाहीत. रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्टेशन जवळ पडतं. ३ डिसेंबरला आणि त्याआधीच्या आठवड्यात आम्ही फेरी ठेवत नाही, सेंट झेवियरच्या फेस्तामुळे जुन्या गोव्यात गाडी लावायला जागाच उरत नाही. भरतीचं कोष्टक वर्षभराचं छापलेलं असतं, त्यामुळे निघायची वेळ नोंदणी करतानाच पक्की सांगतो. उशिरा आलेल्यांसाठी पुढची बोट असते, पण मानस थांबत नाही, आणि त्या दिवसाचं शुल्क परत मिळत नाही.