मिक्सरला चाकं लावली म्हणजे झाली का गाडी?

माझा एक मित्र आहे, पक्का गाडीवेडा. गाडी धुवून पुसून झाकून ठेवणाऱ्यातला नाही, चालवणाऱ्यातला. सरळ हायवे असताना मुद्दाम लांबच्या घाटाने जाणार, खालचा गिअर टाकताना इंजिनाचा आवाज बरोबर जुळला की एकटाच हसणार. मी इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून तो तिला "तुझा मिक्सर" म्हणतो. बटण दाबलं की घर्र, बटण सोडलं की बंद, त्यात चालवायचं काय असतं, असा त्याचा प्रश्न. मी सुरुवातीला चिडायचो, मग लक्षात आलं की टोमणा मारायला त्याने जे उदाहरण निवडलंय तेच सगळ्यात भारी उदाहरण आहे, कारण इलेक्ट्रिक गाडी चालवताना मजा का येते (आणि कुठे येत नाही) हे मिक्सरवरूनच फार छान कळतं.

भांडं गच्च भरलं की मिक्सरचं पातं अडकतं. मोटर फिरत नाही, नुसती हूं करते, आणि दोन-तीन सेकंदात जळका वास यायला लागतो. आता गंमत बघा, मोटर कामच करत नाहीये तर गरम का झाली? फिरत असताना मिनिटभर चालली तरी काही होत नाही आणि थांबली तर जळते! हे उलटं वाटतं ना? माझ्या मते अख्ख्या इलेक्ट्रिक गाडीचं मर्म इथे आहे.

शाळेत आपण दोन नियम शिकलो. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तारेतून करंट सोडला की तारेवर जोर येतो, ही झाली मोटर. आणि चुंबकीय क्षेत्रात तार हलवली की तिच्यात व्होल्टेज तयार होतं, हा झाला जनरेटर. परीक्षेत हे दोन वेगवेगळ्या प्रश्नांत येतात म्हणून आपल्याला वाटतं की ती दोन वेगळी यंत्रं आहेत. पण मोटर फिरायला लागली की तिच्यातल्या तारा चुंबकीय क्षेत्रात हलतातच की, म्हणजे मोटर फिरता फिरता जनरेटर पण असते, आणि तिने तयार केलेलं व्होल्टेज बाहेरून दिलेल्या व्होल्टेजच्या बरोबर विरुद्ध दिशेने ढकलत असतं. याला बॅक ईएमएफ म्हणतात, आपण उलटं व्होल्टेज म्हणू. मोटर जितकी जोरात फिरेल तितकं ते जास्त. तारांमधून करंट किती जाणार हे मग दिलेलं व्होल्टेज वजा उलटं व्होल्टेज, आणि जे उरेल त्याला तारेच्या रेझिस्टन्सने भागून मिळतं. मिक्सर फिरत असतो तेव्हा वजाबाकी करून थोडंच उरतं, म्हणून करंट आवाक्यात. पातं अडकलं की उलटं व्होल्टेज शून्य, सगळंच्या सगळं व्होल्टेज त्या बिचाऱ्या बारीक तारांवर, आणि वास.

(गाडीतली मोटर मिक्सरसारखी ब्रशवाली नसते, बहुतेक सिंक्रोनस किंवा इंडक्शन नावाच्या दुसऱ्या प्रकारची असते, पण वरचा हिशोब गाभ्यात तोच.)

आता हेच गाडीला लावा. गाडी सिग्नलला उभी आहे, मोटर थांबलेली, उलटं व्होल्टेज शून्य. समजा बॅटरी ३५० व्होल्टची आहे आणि तारांचा रेझिस्टन्स ०.०२ ओहम. ३५० भागिले ०.०२ म्हणजे १७,५०० अँपिअर! अर्थात एवढा करंट खरंच सोडला तर मोटर वितळेल, म्हणून मधे इन्व्हर्टर नावाचा राखणदार बसवलेला असतो, जो बॅटरीचं व्होल्टेज सेकंदाला दहा हजाराच्या आसपास वेळा चालू-बंद करून करंट ठरलेल्या मर्यादेत, समजा ५०० अँपिअरवर, धरून ठेवतो. आणि मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हा करंटवर ठरतो. म्हणजे गाडी उभी असताना, चाक एक इंचही हललेलं नसताना, पूर्ण टॉर्क हातात तयार. जिथे मिक्सर जळतो तिथेच गाडी सगळ्यात जोरात असते.

पेट्रोल इंजिनाला हे जन्मात जमत नाही. त्याला आधी फिरत राहावं लागतं, हवा ओढायची, दाबायची, ठिणगी, मग ढकलणार. ६००-७०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) खाली गेलं की खोकून बंद पडतं, म्हणून तर क्लच लागतो, म्हणून गिअर लागतात. फोर स्ट्रोक इंजिनात एका सिलेंडरमधे दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते. १००० आरपीएमला दोन फेऱ्या म्हणजे ०.१२ सेकंद, सिलेंडर चार धरले तरी दर ०.०३ सेकंदाला एक धक्का, आणि त्यात टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) असेल तर तो एक्झॉस्टच्या जोरावर फिरायला लागेपर्यंत अजून थांबा. इन्व्हर्टर तेवढ्या ०.०३ सेकंदात टॉर्क शेकडो वेळा बदलू शकतो.

जाहिरातवाले इथपर्यंत येतात आणि लगेच शून्य ते शंभर किती सेकंदात याचे आकडे फेकायला लागतात. मला त्या आकड्यांचा खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. गाडीला पुढे शेवटी रस्ता ढकलतो, टायरच्या पकडीतून, आणि साध्या रस्त्यावरच्या चांगल्या टायरचा घर्षण गुणांक एकच्या आसपास असतो, म्हणजे जास्तीत जास्त प्रवेग गुरुत्वाकर्षणाइतका. १०० किमी प्रति तास म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, भागिले ९.८, उत्तर २.८ सेकंद. याच्या बरंच खाली जायचं तर खास चिकट टायर नाहीतर खास तयार केलेला ट्रॅक लागतो. शिवाय हा धपका पहिल्या दहा वेळाच भारी वाटतो, अकराव्या वेळी मागे बसलेल्यांना मळमळतं.

चालवणाऱ्याला खरी मजा देते ती दुसरी गोष्ट, पेडल एक मिलिमीटर दाबलं तर एक मिलिमीटरइतकाच जोर, आणि तोही लगेच. वळणाच्या मध्यावर गाडी थोडी बाहेर सरकायला लागली, तुम्ही पाय अगदी किंचित उचलला, आणि तेवढ्याच किंचित प्रमाणात नाक आत आलं. इंजिनाच्या गाडीत हे होतं पण गिअर बरोबर असला तर, आरपीएम बरोबर असले तर, टर्बो जागा असला तर. इतके जर-तर संभाळणं यालाच माझा मित्र ड्रायव्हिंग म्हणतो, आणि ते कौशल्य आहेच, मी नाही म्हणत नाही. पण त्यातलं किती कौशल्य गाडी चालवण्याचं आणि किती इंजिनाच्या खोडी संभाळण्याचं?

आता उलटी बाजू. वेग वाढला की उलटं व्होल्टेज वाढतं, आणि एका वेगाला ते बॅटरीच्या व्होल्टेजला जवळपास गाठतं. वजाबाकी करून काही उरतच नाही, मग करंट ढकलणार कसा? इथे थोडं डोकं जड होईल पण वाचाच. यावर उपाय म्हणून इन्व्हर्टर करंटचा काही भाग मुद्दाम अशा वेळी सोडतो की तो मोटरमधल्या मॅग्नेटच्या क्षेत्राला विरोध करतो. क्षेत्र कमी, म्हणून उलटं व्होल्टेज कमी, म्हणून अजून वेग घेता येतो. याला फील्ड वीकनिंग म्हणतात. फुकट नाही हे, कारण तेवढा करंट आता टॉर्कच्या कामाचा राहिला नाही. म्हणून एका वेगापर्यंत, कुठे ताशी ५० तर कुठे ८० किमी, गाडीगणिक वेगळं, टॉर्क सपाट असतो आणि तिथून पुढे वेग वाढेल तसा उतरत जातो, पॉवर मात्र साधारण तेवढीच राहते. सिग्नलवरून सुटताना पोटात गोळा आणणारी गाडी शंभरच्या पुढे ओव्हरटेक करताना एकदम शहाण्यासारखी वागते, ते यामुळे. पोर्शने २०१९ ला आणलेल्या टायकानमधे मागच्या मोटरला चक्क दोन गिअर दिले ते यासाठीच.

याच उलट्या व्होल्टेजवरून एक सांगून टाकतो. चाकाला डायनॅमो बसवा, गाडी चालता चालता स्वतःच चार्ज होईल, असा व्हिडिओ मला दर महिन्याला कोणीतरी फॉरवर्ड करतो, वर "कंपन्या हे तुम्हाला सांगणार नाहीत". अरे बाबांनो, डायनॅमोतून करंट काढला की तो फिरायला तेवढाच विरोध करतो, नियम तोच, फक्त दुसऱ्या बाजूने. जेवढं चार्ज कराल त्यापेक्षा जास्त मोटरला खर्च करावं लागेल. ब्रेक मारताना मात्र हा विरोध आपल्याला हवाच असतो, म्हणून रीजनरेशन, म्हणजे मोटरलाच जनरेटर करून बॅटरीत वीज परत भरणं, फक्त वेग कमी करताना किंवा उतारावर वेग आवरताना कामाचं.

इलेक्ट्रिक गाडी जड असते, याबद्दल मात्र मी मित्राशी वाद घालत नाही. एक किलो पेट्रोलमधे १२ युनिटच्या वर ऊर्जा असते, इंजिन त्यातली पाव ते तिसरा हिस्साच वापरतं, तरी तीनेक युनिट कामी येतात. एक किलो बॅटरी पॅकमधे मावतं साधारण ०.१५ ते ०.२ युनिट. हिशोब करा. टेस्लाची २००८ ची पहिली रोडस्टर लोटस एलिसवर बेतलेली होती, एलिस साधारण ९०० किलोची, रोडस्टर १३०० च्या आसपास. आज ताकदवान इलेक्ट्रिक गाड्या दोन टनाच्या वर जातात.

तुम्ही म्हणाल, शाळेत तर घर्षण म्हणजे गुणांक गुणिले वजन, वजन वाढलं तर पकडही तेवढीच वाढेल, वळताना फरक का पडावा? प्रश्न बरोबर आहे, पण रबर शाळेत गेलेलं नसतं. टायरवर भार वाढला की त्याचा गुणांक कमी होतो, म्हणजे वजन दुप्पट केलं तर पकड दुपटीपेक्षा कमी वाढते. वळताना बाहेरच्या बाजूच्या टायरवर भार जातो तिथे हे जास्तच जाणवतं. बॅटरी फरशीखाली असते म्हणून गाडी झुकत कमी, त्यामुळे ती हलकी आहे असं वाटतं, पण ब्रेक मारल्यावर पेडलखाली खरं काय ते कळतं.

आणि हा दोष मोटरचा नाही, रेंजचा आहे, म्हणजे एका चार्जमधे लांब जायच्या हट्टाचा. २०१८ मधे अमेरिकेतल्या पाइक्स पीक डोंगरावरच्या शर्यतीत फोक्सवॅगनची इलेक्ट्रिक आयडी आर घेऊन रोमँ द्युमा साधारण २० किमी आणि १५६ वळणं ७ मिनिटं ५७.१४८ सेकंदात चढला. त्याआधीचा विक्रम सेबास्टियन लोबचा, २०१३ चा, पेट्रोल गाडीचा, ८ मिनिटं १३.८७८ सेकंद. शेवट साधारण ४,३०० मीटर उंचीवर, हवा विरळ, इंजिनाला दम लागतो, मोटरला हवेशी देणंघेणंच नाही. पण माझ्या दृष्टीने यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा गाडीच्या वजनाचा आहे, ११०० किलोच्याही आत. वीसच किलोमीटर जायचं होतं म्हणून बॅटरी छोटी ठेवता आली. तसं तर ताशी १०० किमीच्या पुढे गेलेली जगातली पहिली गाडीही इलेक्ट्रिकच, कामिय जेनात्झीने १८९९ मधे पॅरिसजवळ पळवलेली, १०५.८८ किमी. तिचं नाव होतं ला जामे कॉन्तांत, म्हणजे कधीच समाधान न होणारी. कंटाळवाण्या गाडीला असलं नाव कोण देईल?

राहिला आवाज. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन मधे खोटे आठ गिअर आहेत, स्टिअरिंगमागचं पॅडल ओढलं की मोटर क्षणभर टॉर्क तोडून झटका देते, स्पीकरमधून आवाज येतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खूप हसलो, म्हणलं भिंत नसलेल्या दाराला कडी. मग स्वतःच्या गाडीने घाट चढलो आणि हसू थोडं कमी झालं. आवाज आणि गिअर नसले की वळणात आपण ६० ने शिरतोय का ७५ ने हे कानाला कळतच नाही, सारखं मीटरकडे बघावं लागतं. इंजिनाचा आवाज ही नुसती हौस नव्हती, ती मोजपट्टी पण होती. खोटी मोजपट्टीसुद्धा खुणा बरोबर असतील तर मापाला चालते. तरी तो खोटा झटका मला अजून पटत नाही, ते जाऊ दे.

तर शेवटी मित्राला किल्ली दिली. सकाळीच रात्रभराचं चार्जिंग होऊन १०० टक्के झालेलं, आणि आम्ही घाटाच्या वरच्या टोकाला राहतो, म्हणजे निघाल्या निघाल्या उतार. पहिल्या वळणाआधी त्याने मी सांगितल्याप्रमाणे नुसता पाय उचलला आणि गाडी अडेचना, तशीच पुढे! घाबरून ब्रेक दाबला आणि मला चार शिव्या दिल्या. चूक माझी, बॅटरी फुल असली की रीजनची वीज ठेवायला जागाच नसते, म्हणून माझ्या गाडीत तेव्हा पाय उचलल्यावर मिळणारी ओढ जवळपास बंद असते, आणि हे मी त्याला सांगायला विसरलो. खाली जाऊन वर आलो, मग तो न विचारता परत खाली गेला, परत वर आला. दुसऱ्या चढाला बोलणं बंद झालं होतं, नुसता पाय चालू होता. उतरल्यावर म्हणाला जड आहे, फार जड आहे, आणि किल्ली दिली.

काल रात्री त्याचा फोन आला. "रविवारी मिक्सर मोकळा आहे का? आणि हे बघ, ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज करू नकोस."