संदर्भ आणि प्रेरणा: मूडबोर्डवर एकत्र टाचलेल्या दोन वेगळ्या गोष्टी

डिझाइन किंवा चित्रपटाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या टेबलासमोर बहुधा एक मूडबोर्ड असतो आणि त्यावर जुन्या वाड्याचा फोटो, कापडाचा तुकडा, एखादे पोस्टर, आवडत्या दिग्दर्शकाच्या चित्रपटातली एखादी फ्रेम असे सारे शेजारीशेजारी टाचलेले असते. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, विचारले की तो या सगळ्याला आधी ‘माझे रेफरन्सेस’ म्हणतो आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘माझे इन्स्पिरेशन’. दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, आणि बरेचसे विद्यार्थीकाम फसते ते माझ्या मते याच ठिकाणी.

संदर्भ म्हणजे काम करताना पुन्हा पुन्हा ज्याच्याकडे बघून पडताळणी करता येते अशी गोष्ट. तो बरोबर असू शकतो, चूकही असू शकतो. प्रेरणेला बरोबर आणि चूक हे निकष लागू पडत नाहीत. असेही काम करता येते, हा विश्वास ती देते, आणि पुढे तयार कामात तिच्यावर बोट ठेवायला गेलो तर ती बहुधा सापडत नाही.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ या चित्रपटात (1955) दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसतात. शांतिनिकेतनात चित्रकला शिकत असताना राय अजिंठा-वेरूळ पाहून गेले होते. 1943 मध्ये ते कलकत्त्याच्या डी. जे. कीमर या जाहिरात संस्थेत 80 रुपये पगारावर लागले, आणि त्याच दशकात सिग्नेट प्रेससाठी त्यांनी ‘पथेर पांचाली’ या कादंबरीच्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे काढली. त्यांतली काही दृश्ये पुढे थेट चित्रपटात आली. हा झाला संदर्भ, तोही स्वतःच्याच हातचा. 1950 मध्ये संस्थेने त्यांना लंडनला पाठवले, आणि तिथे त्यांनी इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरियो द सिका यांचा, रोममध्ये घडणारा ‘बायसिकल थीव्ज’ पाहिला. स्टुडिओबाहेर, खऱ्या रस्त्यांवर, नवख्या माणसांना घेऊन चित्रपट होऊ शकतो, हे त्यांना पडद्यावर दिसले. परतीच्या बोटीवर ते आपल्या चित्रपटाची टिपणे करू लागले. आता बोराल गावात चित्रित झालेल्या त्या चित्रपटात रोमचा एखादा रस्ता किंवा द सिकांची एखादी फ्रेम शोधून पाहावी. हाती काही लागत नाही.

राय यांचे छायाचित्रकार सुब्रत मित्र यांचे उदाहरण मला याहूनही बोलके वाटते. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार हे बंगालात ‘द रिव्हर’चे चित्रीकरण करत होते, तेव्हा मित्र केवळ बघे म्हणून तिथे जात आणि कोणता दिवा कुठे ठेवला याच्या आकृत्या वहीत काढत. त्या वहीचा संदर्भ म्हणून उपयोग खुद्द त्या चित्रपटाच्या छायाचित्रकारालाही झाला. पण ‘पथेर पांचाली’साठी, ज्याने आधी चित्रपटाचा कॅमेरा कधी चालवला नव्हता त्या एकवीस वर्षांच्या मुलाने, तिथून दिव्यांची मांडणी नव्हे तर प्रकाश कुठून येतो हे बघण्याची सवय उचलली. पुढे ‘अपराजितो’साठी (1956) बनारसच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारायचा होता. कलादिग्दर्शक बंसी चंद्रगुप्त यांनी भिंती हुबेहूब केल्या असत्या तरी प्रकाशाने घात केला असता, कारण अशा घरात उजेड वरून, मोकळ्या आभाळातून उतरतो आणि त्याला ठळक सावली नसते, तर स्टुडिओतले दिवे प्रत्येक वस्तूची सावली भिंतीवर आपटतात. मित्र यांनी सेटच्या माथ्यावर पांढरे कापड ताणून बसवले आणि खालून दिव्यांचा झोत त्यावर सोडला. कापडावरून परतलेला उजेड चौकात आभाळासारखा पसरला. संदर्भ होता बनारसचा चौक, आणि त्यातून नेमके काय घ्यायचे हे मित्र यांना कळले होते.

संदर्भाच्या बाबतीत ढिलाई चालत नाही, हे वेशभूषेत लगेच उघडे पडते. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ (1982) या चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. त्या चित्रपटात दक्षिण आफ्रिकेतला सूटबूट घातलेला बॅरिस्टर आहे आणि पंचा नेसलेला महात्माही. गांधीजींनी पंचा स्वीकारला तो 1921 मध्ये मदुराईत. त्याआधीच्या प्रसंगात तो दाखवून ‘मी त्या काळाने प्रेरित झालो होतो’ असे म्हणणे हे उत्तर नव्हे.

उलटी गल्लत अधिक वेळा होते. अमेरिकन दिग्दर्शक वेस अँडरसन आवडणारा विद्यार्थी फ्रेम बरोबर मध्यावर दुभागतो, भिंतींना फिकट गुलाबी रंग देतो आणि पात्रांना कॅमेऱ्यासमोर ताठ उभे करतो. ते पाहून प्रेक्षक ‘अँडरसनसारखे’ म्हणतात आणि विद्यार्थी खूशही होतो. इथे प्रेरणेचाच संदर्भ करून टाकलेला असतो. गंमत अशी की राय हे अँडरसन यांचे आवडते दिग्दर्शक, आणि ‘द दार्जिलिंग लिमिटेड’मध्ये (2007) त्यांनी रायांच्या चित्रपटांतले संगीत उघडपणे, नामनिर्देश करून वापरले, फ्रेम मात्र स्वतःच्या ठेवल्या.

म्हणून मूडबोर्डवर प्रत्येक चित्राखाली ठिकाण आणि साल लिहावे, आणि त्यातून घ्यायचे ते एकाच नामाने सांगावे: जोते, कंगोरा, काठ, उजेडाची दिशा. ज्या चित्राखाली ‘वातावरण’ किंवा ‘फील’ यापलीकडे काही सुचत नाही, ते बहुधा प्रेरणेचे असते. ते भिंतीवरून काढून वहीत ठेवावे आणि काम सुरू असताना वही मिटलेली असावी.