गॉर्डन लिऊ

गॉर्डन लिऊ (कँटनी नाव लाउ कार-फाइ) हे हाँगकाँगच्या कुंग फू चित्रपटांतील नामवंत अभिनेते आणि हुंग गार शैलीचे युद्धकलापटू. जन्म दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात. मूळ नाव सिन कम-हेई. लहानपणीच ते लाउ चाम यांच्याकडे शिकू लागले. चीनचे ख्यातनाम युद्धकलागुरू वोंग फेइ-हुंग, त्यांचे शिष्य लाम साय-विंग आणि पुढे लाउ चाम अशी ही गुरुपरंपरा. गुरूंनी त्यांना मानसपुत्र मानले आणि त्यांनी गुरूंचेच आडनाव लावले.

पाय रोवून धरलेला बसका पवित्रा, बाहूंचे बळ आणि वाघ व क्रौंच यांच्या हालचालींवरून बसवलेले डाव ही हुंग गारची ओळख. लिऊ यांच्या पडद्यावरील लढतींना याच तालमीचे वजन आहे.

१९७०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी हाँगकाँगमधील शॉ ब्रदर्स या चित्रपटसंस्थेच्या चित्रपटांत छोट्या भूमिकांपासून सुरुवात केली. लाउ चाम यांचे पुत्र लाउ कार-लेउंग दिग्दर्शनात उतरले आणि त्यांनी १९७६ मध्ये आपल्या या गुरुबंधूला तरुण वोंग फेइ-हुंगच्या भूमिकेत उभे केले. खरी कीर्ती मिळाली ती १९७८ च्या ‘द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’मुळे. चीनवर राज्य करणाऱ्या मांचू सत्तेच्या जुलमातून निसटलेला सान ते हा तरुण युद्धकलांसाठी प्रसिद्ध असलेल्या शाओलिन या बौद्ध मठात येतो आणि एकेक दालन पार करत शिकतो. दंडांना पाती बांधून दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या वाहायच्या. हात जरा खाली आले की पाते बरगडीत रुतणार. सूड हेच ज्या चित्रपटांचे इंधन होते, त्यांत इथे साधनाच कथेच्या केंद्रस्थानी आली. चित्रपटाचा मधला मोठा भाग केवळ शिकण्याचा आहे, तरी तो क्षणभरही रेंगाळत नाही. लिऊ यांचा चेहरा त्यात दमतो, चिडतो, हळूहळू स्थिरावतो. हे त्यांचे सर्वांत मोठे काम.

त्याच वर्षीच्या ‘हीरोज ऑफ द ईस्ट’मध्ये त्यांनी जपानी युद्धकलांच्या एकेका जाणकाराशी सामना केला. कोणाचाही जीव न घेता, प्रतिस्पर्ध्याच्या विद्येचा मान राखून ते जिंकतात. त्या काळातील हाँगकाँगच्या पडद्यावर हे दुर्मीळच. ‘एट डायग्रॅम पोल फायटर’च्या चित्रीकरणादरम्यान, १९८३ मध्ये, सहनायक अलेक्झांडर फू शेंग यांचे मोटार अपघातात निधन झाले. कथा बदलावी लागली आणि चित्रपटाचा सगळा भार लिऊ यांच्यावर आला. त्यांची काठीची लढत या चित्रपटात सर्वाधिक उग्र दिसते.

शॉ ब्रदर्सने १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर चित्रपटनिर्मिती आवरती घेतल्यावर ते दूरचित्रवाणीकडेही वळले. अमेरिकी दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनो यांनी ‘किल बिल’च्या पहिल्या भागात (२००३) त्यांना जॉनी मो केले आणि दुसऱ्यात (२००४) पांढऱ्या दाढीचा कठोर गुरू पाय मेइ. १९७७ च्या ‘एक्झिक्यूशनर्स फ्रॉम शाओलिन’ या लिऊ यांचीही भूमिका असलेल्या चित्रपटात खलनायक हाच पाय मेइ होता. भारतीय प्रेक्षकांनी त्यांना २००९ च्या ‘चांदनी चौक टू चायना’त अक्षय कुमारसमोर होजो या खलनायकाच्या रूपात पाहिले. २०११ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची अभिनय कारकीर्द थांबली.