आराखड्याला गुण का द्यायचे? लेखनपूर्व तयारीची पार्श्वभूमी

मुद्दे शोधणे हे भाषणकलेचे पहिले अंग, असे प्राचीन ग्रीक-रोमन परंपरा मानत असे. शाळेत मात्र बराच काळ विषय फळ्यावर यायचा, निबंध वहीत उतरायचा आणि चुकांवर लाल शाई फिरायची. मधल्या कामाकडे लक्ष गेले १९६० च्या दशकात. अमेरिकेतील एका विद्यापीठात १९६४ साली रोजनिशी, चिंतन आणि साम्यशोध (एका गोष्टीची दुसरीशी तुलना) यांतून विद्यार्थ्यांना आधी विषयाशी भिडायला लावले गेले. त्याच कामातून लेखनपूर्व, लेखन आणि पुनर्लेखन असे तीन टप्पे पुढे आले.

हे टप्पे वेळापत्रकात इतके सोयीने बसले की तिथेच घोळ झाला. पहिल्या तासाला आराखडा, दुसऱ्याला खर्डा, तिसऱ्याला दुरुस्ती. आराखडा सक्तीचा झाला, त्याला गुणही आले. मग मुले आधी निबंध लिहून टाकत, त्यावरून आराखडा काढत आणि वर जोडून देत. १९७१ च्या एका अभ्यासात बारावीच्या ८ विद्यार्थ्यांना मोठ्याने विचार करत लिहायला सांगितले, तेव्हा लेखन पायरीपायरीने पुढे जात नाही हे दिसले. नियोजन लिहिताना सतत चालू राहते, असे लेखनप्रक्रियेच्या १९८१ च्या एका प्रतिमानाने (मॉडेलने) मांडले. १९८८ च्या एका प्रयोगात आराखड्याने पत्राचा दर्जा सुधारला, पण तो कागदावर न मांडता नुसता मनात केला तरीही! एवढे हाती असताना कागदावरच्या आराखड्याला गुण देणे चुकीचेच आहे. खर्डा आराखड्यापासून सरकला तर बहुतेकदा विचार पुढे गेलेला असतो. दुसऱ्या परिच्छेदानंतर थांबून आराखडा वेगळ्या शाईने बदलायला लावावा. त्यात ‘कारणे’, ‘परिणाम’ असे सुटे शब्द चालवून घेऊ नयेत, कारण त्यांखाली काहीच नसले तरी कळत नाही. प्रत्येक मुद्दा पूर्ण वाक्यात हवा.

मुक्तलेखन आणि मुद्द्यांचे जाळे १९७० ते ८० च्या दशकांत वर्गांत पसरले. मुक्तलेखनात १० मिनिटे पेन थांबवायचे नाही, खोडायचे नाही. नंतर एक जिवंत वाक्य अधोरेखित करून त्याच वाक्यापासून दुसरी फेरी घ्यायची. ही दुसरी फेरी गाळली की हाती नुसता पसारा उरतो. जाळ्यात विषय मधल्या वर्तुळात लिहून मुद्दे फांद्यांसारखे भोवती जोडतात. पण बहुतेकदा सगळ्या रेघा मधल्या वर्तुळातूनच निघतात, फांद्या एकमेकींना जोडल्या जात नाहीत, म्हणून खर्डा यादीसारखा होतो. दोन फांद्या जोडून त्या रेघेवर ‘म्हणून’ किंवा ‘तरीही’ लिहायला सांगावे, उरलेल्यांतल्या निम्म्या खोडाव्यात आणि मगच क्रमांक घालावेत.

चौथी ते बारावीच्या वर्गांवरील प्रयोगांचा २००७ साली एकत्रित आढावा झाला. त्यात लेखनपूर्व कृतींचा लेखनाच्या दर्जावरचा सरासरी परिणाम ०.३२ निघाला (हा आकडा जितका मोठा तितका फरक जास्त), तर नियोजन आणि दुरुस्तीच्या युक्त्या उघडपणे शिकवण्याचा ०.८२. अशा शिकवण्यात शिक्षक फळ्यावर मोठ्याने विचार करत मुद्दे निवडतो, टाकतो, क्रम बदलतो. पुढचा विषय वर्गासोबत सोडवतो आणि आधार हळूहळू काढून घेतो. नुसता जाळ्याचा छापील तक्ता वाटला, तर यातले काहीच घडत नाही.