पॅसेज पक्षी, मुंबईचे बर्डर आणि लोकेशनचा वाद : पार्श्वभूमी

पितृपक्षाच्या आसपास मुंबईतले बर्डिंगचे, म्हणजे पक्षी बघणाऱ्यांचे ग्रुप एकदम वाजायला लागतात. आधी नेहमीचे, करडा धोबी आला, तुतवार आले, आणि ते मार्चपर्यंत इथेच असतात त्यामुळे कोणाला घाई नसते. घाई असते ती वाटेवरच्या म्हणजे पॅसेज पक्ष्यांची : युरोपियन रोलर, स्पॉटेड फ्लायकॅचर, रेड-बॅक्ड श्राइक, क्वचित रूफस-टेल्ड स्क्रब रॉबिन. हे आफ्रिकेला निघालेले असतात, दोन-चार दिवस इथे किडे खाऊन अंगावर चरबी चढवायची आणि पुढे निघायचं. आज दिसलेला रविवारी असेलच असं नाही, म्हणून 'कुठे दिसला?' हा प्रश्न याच दोन महिन्यांत सगळ्यात जास्त तापतो, कारण काही ग्रुप्सवर दुर्मिळ पक्ष्याचं लोकेशन टाकायलाच बंदी आहे.

पूर्वी हा प्रश्न नव्हताच. १८८३ साली मुंबईत सुरू झालेल्या निसर्ग-अभ्यासाच्या संस्थेच्या जर्नलमधली जुनी नोंद म्हणजे बरेचदा बंदुकीने पाडलेला पक्षी, त्याला लेबल लावून पेटीत ठेवलेला. १९३० च्या दशकात मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांची सविस्तर यादी त्याच जर्नलमध्ये हप्त्याहप्त्याने आली, आज कोणी 'मुंबईला नवीन' म्हणतं तेव्हा जाणकार आधी तीच यादी उघडतात. १९६० च्या दशकात बर्डर लोकांचं एक छोटं सायक्लोस्टाइल पत्रक सुरू होतं, पण ऑक्टोबरचा पक्षी छापून घरी येईपर्यंत आफ्रिकेत पोचलेला असायचा. तेव्हा जागेचं नाव उघड लिहायचे आणि त्याने कोणाचं काही बिघडत नव्हतं.

खरा बदल २००५ नंतरचा. त्या वर्षी मुंबईत दिवसभराची पक्षी मोजायची शर्यत सुरू झाली आणि एकेकटे फिरणारे लोक एकमेकांना ओळखायला लागले. त्याच सुमाराला डिजिटल एसएलआर कॅमेरे हातात आले. याचं महत्त्व खूप आहे, कारण स्पॉटेड फ्लायकॅचर आणि दर हिवाळ्यात इथे असणारा एशियन ब्राऊन फ्लायकॅचर लांबून सारखेच वाटतात, पण फोटोत छातीवरच्या आणि डोक्यावरच्या बारीक रेघा दिसल्या की विषय संपतो. पक्षी न मारता पुरावा मिळायला लागला. तोपर्यंत 'मी बघितला' आणि 'तू चुकलास' यात बऱ्याच चांगल्या नोंदी वाया गेल्या असणार, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग व्हॉट्सॲप आलं आणि फोटोबरोबर पिन, म्हणजे नकाशावरची नेमकी जागा, यायला लागली. सकाळी सातला टाकलेल्या पिनवर नऊला पंधरा लेन्सा. रेकॉर्ड केलेला आवाज लावून पक्षी बाहेर काढणं, फांद्या तोडणं, पक्षी बसू न देणं, हे सगळं झालं आणि होतंय. त्यावर काही ग्रुप्सनी सरसकट नियम केला की दुर्मिळ पक्ष्याचं लोकेशन टाकायचं नाही, मागायचंही नाही. घरट्यांच्या बाबतीत हा नियम शंभर टक्के बरोबर. घुबडांच्या बाबतीतही, कारण दिवाळीच्या आधी जादूटोण्याच्या खुळापायी घुबडं पकडली जातात आणि शॉर्ट-इयर्ड आउलसारखं घुबड तर स्थलांतर करून येतं आणि दिवसा गवतात जमिनीवर बसतं, चार माणसं चालत गेली की उठलंच. चेकलिस्टचं, म्हणजे दिसलेल्या पक्ष्यांची यादी नोंदवायचं, जे जागतिक ॲप बहुतेक जण वापरतात त्यातही काही संवेदनशील जातींची नेमकी जागा आपोआप लपवली जाते.

पण जातींची निवड करून लपवणं वेगळं आणि सगळंच लपवणं वेगळं. तारेवर बसलेला रोलर तिसऱ्या दिवशी गेलेला असतो, त्याची जागा वर्षभर लपवून वाचतं काय? आणि लोकेशन बंद केलं तरी आतल्या दहा जणांना ते कळतंच, फक्त नवीन पोरांना कळत नाही. त्याहून मोठं नुकसान जागांचं. उरण घ्या, तिथल्या पाणजे या पाणथळीचं पाणी अडवल्यावरून किती वर्षं भांडण चालू आहे, तिथे भरतीचं पाणी यायलाच हवं हे सांगताना हातात काय असतं तर तारीख, जात आणि जागा लिहिलेल्या नोंदी. 'नवी मुंबई परिसर' एवढंच लिहिलेली नोंद तिथे काही कामाची नाही. पिन लपवून आपण पक्ष्याला दोन दिवस शांतता देऊ, पण त्याचा थांबाच भराव टाकून बुजवला तर पुढच्या सप्टेंबरात तो उतरणार कुठे.

गर्दीचा मुद्दा खोटा नाही, उलट वाढलाय. जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते आणि शिवडीहून अटल सेतूवरून गाडी पटकन पलीकडे पोचते, पूर्वी उरण म्हणजे गाडीवाल्यांचंच होतं. भांडुप पंपिंग या पक्षी बघायच्या जागेला निदान गेट तरी आहे, उरणच्या माळावर काहीच नाही.

अमूर ससाण्याचं उदाहरण मला नेहमी द्यावंसं वाटतं. २०१२ मध्ये नागालँडमधली त्यांची बेसुमार पकड जगासमोर आली, तिथल्याच गावांनी ती थांबवली, आणि २०१३ पासून सॅटेलाइट टॅग लावलेल्या पक्ष्यांचे मार्ग सगळ्यांना बघता आले, भारत ओलांडून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिका. ते नकाशे बघूनच आपल्याकडेही लोक नोव्हेंबरात घाटमाथ्यावर आकाशाकडे बघायला लागले. तिथे माहिती उघडी केली म्हणून पक्ष्यांचा फायदा झाला.

सध्या काही ग्रुप मधला मार्ग काढतायत : पॅसेज पक्षी असेल तर लोकेशन लगेच टाका पण रेकॉर्ड केलेला कॉल लावायचा नाही आणि अंतर ठेवायचं, घुबड किंवा घरटं असेल तर सीझन संपल्यावर फक्त चेकलिस्टमध्ये. यंदा निदान वाटेवरच्या पक्ष्यांपुरती तरी सरसकट बंदी उठावी, त्यांची जागा नावानिशी लिहिली जावी.