मूळ चोक आणि आजचा चोक : जुन्या दुनळीचा इतिहास शोधताना

मराठवाड्यातील ज्या घरांत खंडेनवमीला शस्त्रांच्या पाटावर तलवारीशेजारी जुनी दुनळी बंदूकही मांडली जाते, त्या घरांत तिच्याविषयी दोन विधाने हमखास ऐकू येतात : एक, बंदूक अस्सल विलायती आहे, आणि दुसरे, तिची डावी नळी फुल चोक, म्हणजे तोंडाशी पुरेपूर अरुंद केलेली, आहे. पहिले विधान बहुधा खरे असते. दुसऱ्यात मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. बंदूक कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिला किती चोक होता, हा इतिहासाचा प्रश्न आहे. आज तिच्या नळीत किती चोक आहे, हा मोजमापाचा. शंभर वर्षांच्या बंदुकीत या दोन प्रश्नांची उत्तरे सारखीच निघतील, असे गृहीत धरता येत नाही.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाजवळच्या शेवटच्या काही इंचांत आतला व्यास किंचित कमी करणे, जेणेकरून छऱ्यांचा झुबका लांबवर कमी फाकतो. हे मोजण्याचे एकक म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ज्याला लेथवरचे कारागीर थाऊ म्हणतात. नळीच्या मधल्या व्यासापेक्षा तोंड सुमारे ४० थाऊ अरुंद असेल तर फुल चोक, २० असेल तर हाफ, १० असेल तर क्वार्टर, आणि फरकच नसेल तर सिलिंडर, असा बारा बोअरचा ढोबळ हिशेब आहे (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचा आकडा; तो जितका मोठा, तितकी नळी अरुंद). दुसरी कसोटी निशाणाच्या कागदावरची : ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात सुमारे ७० टक्के छरे बसले तर फुल, ६० टक्के बसले तर हाफ, ४० टक्के बसले तर सिलिंडर. इंग्लंडमध्ये पेप या बंदूककाराने १८६६ मध्ये चोकसंबंधी पेटंट घेतले असले, तरी चोकचा खरा बोलबाला ग्रीनर या दुसऱ्या बंदूककाराच्या नळ्यांमुळे १८७५ च्या सुमारास झाला. त्यामुळे त्याआधीच्या बंदुकीच्या नळ्या सिलिंडर असणेच अधिक संभवते.

आजचा चोक मोजणे सोपे वाटते, आणि घोटाळा तिथेच होतो. नळीच्या तोंडात टाकायची चकती किंवा मापकाठी फक्त तोंडाचा व्यास सांगते. चोक म्हणजे तर तोंड आणि मधली नळी यांतला फरक. बारा बोअरचा नाममात्र व्यास ०.७२९ इंच आहे, पण इंग्रजी कारागीर अनेकदा याहून घट्ट नळी पाडत. समजा, तोंड ०.७०९ इंच भरले. नळी ०.७२९ ची मानली तर हा हाफ चोक झाला. पण नळी प्रत्यक्षात ०.७१९ ची असेल तर तो केवळ क्वार्टर चोक होतो. म्हणून मधला व्यास पाठीमागच्या टोकापासून ९ इंचांवर, योग्य मापकाने, दोन्ही नळ्यांचा स्वतंत्रपणे घेतला पाहिजे. याच हिशेबातून आणखी एक फसवा प्रकार निघतो : गंज घालवण्यासाठी नळी आतून घासली गेली असेल, तर मधला व्यास वाढतो, तोंड तसेच राहते, आणि कोणी चोकला हात न लावताही चोक वाढल्यासारखा दिसतो.

मूळ चोक मोजता येत नाही. त्याचे पुरावे गोळा करावे लागतात. पहिला पुरावा नळ्यांवरच्या परीक्षागृहाच्या, म्हणजे नळ्यांची मजबुती तपासणाऱ्या संस्थेच्या, शिक्क्यांचा. नळ्या उतरवल्या की त्यांच्या पाठीमागच्या टोकाकडील खालच्या सपाट बाजूवर हे शिक्के दिसतात. लंडनच्या बंदूककार मंडळाला १६३७ मध्ये सनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. १८७५ ते १८८७ या काळात चोक असलेल्या इंग्रजी नळीवर ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे एकेरी गोळी झाडू नये, असे रोमन अक्षरांत उमटवत, आणि काही नळ्यांवर पाठीमागचा व तोंडाचा असे दोन बोअरआकडेही देत. उदाहरणार्थ, मागे १२ आणि तोंडाशी १४. १८८७ पासून थेट ‘चोक’ हाच शब्द आला. हा शब्द चोक आहे एवढेच सांगतो, किती आहे हे सांगत नाही. पण घराण्याच्या आठवणीत फुल चोक असलेल्या आणि त्या काळात परीक्षा झालेल्या नळीवर तो शब्दच नसेल, तर आठवणीवर शंका घ्यायला जागा आहे. बोअरआकड्याचा उपयोग आणखी मोलाचा आहे. जुन्या पद्धतीत १२ हा आकडा ०.७२९ इंचापासून पुढे, तर १२ खाली १ हा अपूर्णांकासारखा शिक्का ०.७४० पासून पुढे असे. शिक्का १२ चा आणि आजचे माप ०.७४५ असेल, तर नळी नंतर घासली गेली आहे, हे कोणत्याही कागदाविना सिद्ध होते.

दुसरा पुरावा कारखान्याच्या वहीचा. काही नामांकित कारखान्यांच्या वह्या टिकून आहेत आणि त्यांत क्रमांकापुढे ग्राहक, नळ्यांची लांबी आणि कधी कधी चोकही नोंदलेला असतो. मात्र आधी दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कोरलेले नाव निर्मात्याचे की विक्रेत्याचे, हे ठरवावे लागते. आर्मी अँड नेव्ही या सहकारी भांडाराची शाखा १८९१ मध्ये मुंबईत उघडली, आणि दुसऱ्यांनी घडवलेल्या बंदुका ते स्वतःच्या नावाने विकत. त्यांची बंदुकांची नोंदबुके आज ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. कलकत्त्याची रॉडा कंपनी, जिची माउझर पिस्तुले क्रांतिकारकांनी १९१४ मध्ये पळवली, तीही विक्रेतीच होती. विक्रेत्यालाच निर्माता समजून पत्रव्यवहार केला, तर उत्तर येत नाही आणि बंदूक विनाकारण बनावट ठरते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जी पुण्या-मुंबईच्या शोधकाला सहसा येत नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात असल्यामुळे जुने परवाने व पावत्या उर्दूत आणि फसली सनातील, म्हणजे संस्थानच्या महसुली वर्षगणनेतील, असतात. फसली १३३६ म्हणजे इसवी सन १९२६-२७. तेच हिजरी समजले, तर १९१७-१८ निघते. बर्मिंगहॅमच्या १९२१ नंतरच्या वर्षदर्शक अक्षराशी पावती जुळत नसेल, तर बंदुकीवर संशय घेण्याआधी सन तपासावा. पावतीची तारीख खरेदीची आहे, घडवल्याची नाही, हेही विसरू नये. जहागीरदारांकडे आलेल्या अनेक बंदुका आधी कोणा साहेबाने वापरलेल्या असणे सहज शक्य आहे.

वही म्हणते डावी नळी फुल, आणि माप सांगते १० थाऊ, असे झाले तर खुलासा बहुधा लांबीत सापडतो. वहीत ३० इंच आणि हातात २७ इंच असेल, तर नळ्या कापल्या गेल्या आणि चोक त्या तुकड्यांबरोबर गेला. कापलेल्या जोडनळ्या तोंडाशी एकमेकींना टेकलेल्या नसतात, मधली फट डाकाने भरलेली दिसते. लांबी जुळत असेल, तर कोणीतरी तोंड आतून मोकळे केले आहे. नळ्यांवर ‘स्लीव्ह्ड’ असा शिक्का असेल, तर हा प्रश्नच संपतो, कारण जुन्या बुडख्यावर नव्या नळ्या बसवलेल्या आहेत आणि मूळ चोक फक्त वहीत उरला आहे.

गेलेला चोक ‘परत आणून’ देतो म्हणणाऱ्या लेथवाल्याकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने बंदूक सुधारत नाही, पुरावा तेवढा पुसला जातो. कायदाही आड येतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना नसलेल्याने बंदुकीची दुरुस्ती करणे किंवा नळी आखूड करणे गुन्हा आहे, आणि जुनेपणाची सूट दुरुस्तीनेही न चालणाऱ्या शस्त्रापुरतीच आहे. चालू स्थितीतल्या दुनळीला ती कितीही जुनी असली तरी परवाना लागतोच. त्यामुळे मोजमाप परवानाधारक विक्रेत्याकडूनच करून घ्यावे, आणि दोन्ही नळ्यांचे मधले व तोंडाचे व्यास, लांबी, क्रमांक व सर्व शिक्क्यांची छायाचित्रे परवान्याच्या कागदांबरोबर ठेवावीत.