परिसंवाद, विद्यार्थ्यांचा : तुलनात्मक शासन व जागतिक प्रश्न

निरनिराळ्या देशांच्या शासनपद्धती आणि चालू जागतिक प्रश्न यांवर काही विद्यार्थी-वक्त्यांनी संचालकाच्या नियंत्रणाखाली, श्रोत्यांसमोर केलेली वेळेने बांधलेली चर्चा. वक्ते बहुधा तीन ते सहा असतात. ठरावाच्या बाजूने वा विरुद्ध बोलण्याचे बंधन नसल्यामुळे ती वादविवाद स्पर्धेहून वेगळी पडते. गटचर्चेहूनही ती वेगळी असते, कारण समोर श्रोते असतात आणि प्रत्येक वक्त्याकडे एखादा देश, संस्था किंवा भूमिका नेमून दिलेली असते. व्यवहारात मात्र या सीमा पुसट आहेत आणि एकाच कार्यक्रमाला परिसंवाद, परिचर्चा व चर्चासत्र अशी तिन्ही नावे दिलेली आढळतात.

यासाठी रूढ असलेल्या ‘पॅनेल’ या शब्दाची व्युत्पत्ती लॅटिन ‘पन्नुस’ (कापड) या शब्दापर्यंत नेली जाते. जुन्या फ्रेंच भाषेतून तो कापडाचा वा चर्मपत्राचा तुकडा या अर्थाने इंग्रजीत आला. ज्या तुकड्यावर पंचांची (ज्युरींची) नावे लिहीत तो तुकडा, मग ती नावे, मग ते पंच, असा त्याचा अर्थ सरकत गेला. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ‘पॅनेल’ म्हटले की निवडणुकीला उभा असलेला उमेदवारांचा गट आधी येतो. नावांच्या यादीचा मूळ अर्थ त्यातही टिकून आहे.

या प्रकाराचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. शासनप्रकारांची तुलना करणारा सर्वांत जुना उपलब्ध संवाद हीरॉडोटसच्या इतिहासाच्या तिसऱ्या पुस्तकात (परिच्छेद ८० ते ८२) आहे. इ. स. पू. ५२२ मध्ये इराणचे सिंहासन बळकावणाऱ्याला ठार केल्यानंतर सात सरदार पुढच्या राज्यव्यवस्थेचा विचार करतात, असा तो प्रसंग. ओटानीझ बहुजनांच्या राज्याची बाजू घेतो : अधिकारपदे चिठ्ठ्या टाकून द्यावीत, अधिकाऱ्याने हिशेब द्यावा आणि निर्णय सर्वांसमोर व्हावेत. मेगाबायझस निवडक श्रेष्ठांची सत्ता सुचवतो, तर दरायस एकाधिपत्याचे समर्थन करतो. उरलेले चौघे दरायसच्या बाजूने जातात. तीन वक्ते, तीन व्यवस्था आणि शेवटी कौल, हा साचा आजच्या परिसंवादाशी इतका जुळतो की कित्येक लेखक तेथूनच आरंभ करतात. परंतु ही भाषणे प्रत्यक्ष झाली काय, हा प्रश्न प्राचीन काळीच उपस्थित झाला होता. काही ग्रीकांचा यावर विश्वास बसत नाही, असे स्वतः हीरॉडोटसच नोंदवतो आणि सहाव्या पुस्तकात पुन्हा त्याचे समर्थन करू पाहतो. दरायसने इराणमध्ये बेहिस्तून येथे कोरवलेल्या शिलालेखात साथीदारांची नावे आहेत. त्यांपैकी उतान व बगबुख्श ही ओटानीझ व मेगाबायझस यांचीच मूळ रूपे समजली जातात. चर्चेचा मात्र तेथे उल्लेखही नाही. माणसे खरी, पण भाषणे इ. स. पू. पाचव्या शतकातील ग्रीक विचारविश्वातील, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतीय परंपरेत न्यायसूत्रांनी (न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाने) केलेले वाद, जल्प व वितंडा हे त्रिविध वर्गीकरण येथे उपयोगी पडते. वादात तत्त्वनिर्णय हे प्रयोजन असते. जल्पात जय मिळवायचा असतो आणि त्यासाठी छलही (समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम विपर्यास) चालतो. वितंडेत स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन होते. परिसंवाद तत्त्वतः वादाच्या वर्गात बसतो; श्रोत्यांच्या पहिल्या टाळीनंतर तो जल्पाकडे झुकतो, हे संचालन केलेल्या कोणालाही ठाऊक असते. तथापि त्यावरून आधुनिक प्रकाराचा प्राचीन शास्त्रार्थाशी थेट वंशसंबंध जोडणे धाडसाचे ठरेल.

आधुनिक रूपाचे श्रेय सामान्यतः अमेरिकन तत्त्वज्ञ हॅरी ओव्हरस्ट्रीट (१८७५–१९७०) यांना दिले जाते. प्रौढशिक्षणाच्या चळवळीत, १९३० च्या आसपास, व्यासपीठावरील मोजक्या माणसांनी आपसांत बोलावे आणि सभागृहाने ते ऐकून मग त्यात उतरावे, ही पद्धत रुळली. तिला लोकप्रियता रेडिओने दिली. जॉर्ज डेनी यांच्या संचालनाखाली ‘अमेरिकाज टाउन मीटिंग ऑफ द एअर’ हा कार्यक्रम ३० मे १९३५ रोजी सुरू झाला. पहिलाच विषय होता : अमेरिकेने कोणती वाट धरावी, फॅसिझम, साम्यवाद, समाजवाद की लोकशाही? म्हणजे शासनप्रकारांची तुलना या माध्यमाच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेली आहे. विद्यापीठांत याच सुमारास प्रतिरूप राष्ट्रसंघाच्या (विद्यार्थ्यांनी केलेल्या लीग ऑफ नेशन्सच्या अनुकृतीच्या) सभा भरत. त्यांचा आरंभ १९२० नंतरच्या दशकातला, हे निश्चित. पहिला मान कोणत्या विद्यापीठाचा, हे विवाद्य आहे. १९४५ नंतर त्यांची जागा प्रतिरूप संयुक्त राष्ट्रांनी घेतली. एका विद्यार्थ्याने एका देशाच्या वतीने बोलायचे, ही रीत तेथूनच परिसंवादात आली असावी.

वादविवाद सभांचा वारसा याहून जुना आहे (केंब्रिज १८१५, ऑक्सफर्ड १८२३), पण परिसंवादाने त्यांतील मतदान बहुधा टाळले. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ऑक्सफर्ड युनियनने ‘राजा व देशासाठी लढणार नाही’ असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत केला आणि एका संध्याकाळच्या वक्तृत्वावरचा तो कौल साऱ्या पिढीचे मत म्हणून जगभर वाचला गेला.

मांडणीचे दोन प्रकार आढळतात. देशवार मांडणीत प्रत्येक वक्ता आपल्या देशाची राज्यघटना, संसद व पक्ष यांची ओळख करून देतो. तयारी सोपी जाते, पण तुलना घडत नाही. पाच निबंध ओळीने वाचले जातात इतकेच. प्रश्नवार मांडणीत एकच प्रश्न सर्वांना विचारला जातो. प्रस्तुत नोंदलेखकाला दुसरी मांडणीच या प्रकाराचे खरे रूप वाटते.

उदाहरणार्थ, ‘मुदत संपण्यापूर्वी सरकार कसे जाते?’ हा प्रश्न घेऊ. ब्रिटनचा वक्ता सांगतो की कॉमन्स सभागृहातील साधे बहुमत पुरते; २८ मार्च १९७९ रोजी जेम्स कॅलाहन यांचे सरकार ३११ विरुद्ध ३१० अशा एका मताने पडले. फ्रान्सचा वक्ता म्हणतो, आमच्याकडे अविश्वासाच्या बाजूची मतेच मोजतात आणि ती एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक लागतात. ४ डिसेंबर २०२४ रोजी ती ३३१ भरली आणि सरकार पडले. जर्मनीत नवा चॅन्सेलर (सरकारचा प्रमुख) निवडल्याशिवाय जुना काढता येत नाही (राज्यघटनेचा अनुच्छेद ६७). हा मार्ग १९७२ मध्ये फसला आणि १९८२ मध्ये यशस्वी झाला. येथे ब्रिटनचा वक्ता हटकून विचारतो, ‘मग तुमचे सरकार पडतच नाही म्हणायचे?’ तयारीचा विद्यार्थी हातातली चिठ्ठी उलटतो : पडत नाही, पण पाडून घेता येते. १९७२, १९८२, २००५ आणि २०२४ मध्ये चॅन्सेलरांनी अनुच्छेद ६८ खालील विश्वासमत गमावून मुदतपूर्व निवडणुकीची वाट उघडली. अमेरिकेच्या वक्त्याकडे महाभियोग असतो. सेनेटमध्ये दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरून पद गमावलेला राष्ट्राध्यक्ष मात्र एकही नाही.

परिभाषेची अडचण याच ठिकाणी उघडी पडते. इटालियन राज्यशास्त्रज्ञ जोव्हान्नी सार्तोरी यांनी १९७० मध्ये संकल्पना ताणण्याचा दोष दाखवला होता : शब्द अधिकाधिक देशांना लावत गेले की त्याचा आशय विरत जातो. ‘राष्ट्राध्यक्ष’ हा त्याचा ठळक नमुना. जर्मनीत हे पद मुख्यतः औपचारिक आहे, तर फ्रान्समध्ये खरे सत्तास्थान. इराणमध्ये ते सर्वोच्च नेत्याच्या खालचे आहे. चीनमध्ये सत्ता पक्षाच्या सरचिटणीसपदातून येते. मराठीत राष्ट्रपती व राष्ट्राध्यक्ष असे दोन शब्द हाताशी असूनही ते सरमिसळ वापरले जातात, ही तक्रार येथे नोंदवणे भाग आहे.

तुलनात्मक शासन आणि जागतिक प्रश्न हे दोन विषय एकत्र का येतात, याचे उत्तर करारांच्या अंमलात सापडते. अमेरिकी राज्यघटनेनुसार तहाला सेनेटच्या दोन तृतीयांश मतांची संमती लागते. १९९७ मध्ये सेनेटने विकसनशील देशांवर बंधने न घालणाऱ्या हवामान कराराविरुद्ध ९५–० असा ठराव केला. क्योटो करारावर १९९८ मध्ये स्वाक्षरी झाली, पण तो सेनेटपुढे कधी ठेवलाच नाही. पॅरिस करारात अमेरिका २०१६ मध्ये अध्यक्षीय अधिकारात सामील झाली, म्हणूनच २०२० मध्ये बाहेर पडणे आणि २०२१ मध्ये परतणेही सेनेटच्या मतदानाविना झाले. सुरक्षा परिषदेतील नकाराधिकार हा आणखी एक आवडता विषय. तो रद्द करावा, असे कोणीतरी ठासून म्हणते आणि शेजारचा वक्ता संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा अनुच्छेद १०८ वाचून दाखवतो : सनद बदलायला दोन तृतीयांश सदस्यांबरोबर पाचही स्थायी सदस्यांची मान्यता हवी. परिषद १९६५ मध्ये ११ वरून १५ सदस्यांची झाली ती याच वाटेने, नकाराधिकाराला हात न लावता.

देशांची निवड बहुधा अभ्यासक्रमावर अवलंबून असते. अमेरिकेतील कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या तुलनात्मक शासन अभ्यासक्रमात चीन, इराण, मेक्सिको, नायजेरिया, रशिया व ब्रिटन हे सहा देश आहेत. छोटी राष्ट्रे व स्थानिक शासन यांना वाव क्वचितच मिळतो. स्वित्झर्लंडही दुर्लक्षित राहतो, कारण तेथील सात सदस्यांचे संघीय मंडळ संसदीय व अध्यक्षीय या दोन्ही कप्प्यांत बसत नाही. संसद त्याला चार वर्षांसाठी निवडते, पण मधेच काढू शकत नाही. अध्यक्षपद दरवर्षी फिरते. मुदतीपूर्वी सरकार कसे जाते, या वरील प्रश्नावर स्वित्झर्लंडच्या वक्त्याचे उत्तर एका वाक्यात संपते : जात नाही.